उरलेली चित्रे आणि विसरलेले नट
नाशिकच्या आरंभीच्या चित्रपटांविषयी एक विचार

१

हिंदी चित्रपटाच्या आरंभकाळाविषयी जे लेखन आजवर झाले आहे, त्यात निर्मात्यांची चरित्रे पुष्कळ आहेत, नटांची फार थोडी. हे साहजिक आहे असे समजून आपण पुढे जातो. दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले की 'राजा हरिश्चंद्र', १९१३ हे साल आणि आद्यत्वाचा मान या तीन गोष्टी एकदम डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण त्या चित्रात हरिश्चंद्र कोण झाले होते आणि तारामती कोण झाली होती, हे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यालाही सहसा सांगता येत नाही. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके यांनी वठविला, तारामती अण्णा साळुंके यांनी, विश्वामित्र गजानन वासुदेव साने यांनी, आणि रोहिदास फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्राने. ही नावे सूचींतून मिळतात. परंतु सूचीतील नाव आणि पडद्यावरील आकृती यांचा संबंध जोडून काही बोलावे, असा प्रयत्न क्वचितच झाला आहे.

या नटांचे स्मरण कृतज्ञतेपोटी करावे, एवढेच सांगण्यासाठी प्रस्तुत लेख नाही. कृतज्ञता ही चांगली भावना आहे, पण संशोधनाला ती पुरत नाही. आपला मुद्दा असा की, त्या काळची जी थोडीशी चित्रे आज उरली आहेत ती या नटांना ओळखल्यावाचून नीट वाचताच येत नाहीत. नट हे त्या चित्रांचे अलंकरण नसून प्रमाण होय. आणि हे प्रमाण आपल्या हातून निसटण्यास काळाइतकीच आपली भाषाही कारण झाली आहे. म्हणजे आपण या चित्रांना आणि माणसांना जी नावे दिली ती.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. फाळक्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. 'राजा हरिश्चंद्र' हे चित्र मुंबईत दादर येथे तयार झाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात फाळके आपला सारा संसार व साहित्य घेऊन नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर', 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८), 'कालियामर्दन' (१९१९) ही चित्रे त्यानंतरची, म्हणजे नाशिकची होत. १९१८ साली भांडवलदारांच्या भागीदारीने हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि १९३२ च्या 'सेतुबंधन'पर्यंत नाशिक हे चित्रनिर्मितीचे एक केंद्र राहिले. फाळक्यांचा शेवटही १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच झाला.

या दीर्घ उद्योगातून आज काय उरले आहे? भारतात बोलपटापूर्वी सुमारे १,३०० कथापट निघाले असे मानतात. त्यांतील जेमतेम तीसच्या आसपास आज पूर्ण किंवा तुटक स्वरूपात पाहावयास मिळतात. नाशिकच्या वाट्याला 'कालियामर्दन'चा बराचसा भाग, 'लंकादहन' व 'श्रीकृष्णजन्म' यांचे तुकडे, आणि 'राजा हरिश्चंद्र' या नावाने जतन झालेली काही रिळे आली आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तोवर फाळक्यांना जाऊन वीस वर्षे लोटली होती, आणि त्या काळची ज्वालाग्राही फीत जी जळायची वा विरघळायची ती बहुतेक नाहीशी झाली होती.

३

उरलेल्या या चित्रांपैकी 'राजा हरिश्चंद्र'च्या रिळांविषयी एक मोठा वाद आहे. फाळक्यांनी १९१७ साली, म्हणजे नाशिकच्या मुक्कामात, हीच कथा पुन्हा चित्रित केली. आपण आज जे पाहतो ते १९१३ चे मूळ चित्र की १९१७ चे दुसरे, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. ते १९१७ चे असावे असे अनेकांचे मत आहे. हा वाद केवळ तारखांचा नव्हे. उत्तर एका बाजूने लागले तर ती दृश्ये दादरची ठरतात, दुसऱ्या बाजूने लागले तर नाशिकची. एका पक्षी आपण नवख्या कलावंताचा पहिला प्रयत्न पाहतो, दुसऱ्या पक्षी चार वर्षांच्या सरावाने स्थिरावलेला हात.

जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठांचा घोटाळा झालेला पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हापासून पाठचिकित्सा ही आपल्या परंपरेत रुजलेली विद्या आहे. पोथीचा काळ ठरविताना आपण अक्षरवळण, कागद, शाई, लेखनिकाचे नाव पाहतो. चित्रपटाच्या बाबतीत या साधनांची जागा कोण घेणार? काही अंशी फीत आणि तिच्यावरील खुणा. पण प्रत छापून छापून उतरवलेली असली की त्या खुणा नवीन फितीच्या असतात. मग उरतात ती माणसे. हरिश्चंद्र मुलाला धनुर्विद्या शिकवीत आहे, तारामती जवळ उभी आहे, हे आरंभीचे दृश्य आपण पाहतो तेव्हा त्या मुलाचे वय हा एक पुरावा असतो. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यात चार वर्षांनी फारसा फरक पडणार नाही, पण बालकाच्या अंगलटीत निश्चित पडतो. तो मुलगा कोण, हे इतर छायाचित्रांशी ताडून ठरविता आले तर कालनिर्णयाला एक भक्कम आधार मिळेल. त्याचप्रमाणे नागरिकांच्या घोळक्यात, ऋषींच्या मेळ्यात, दासींच्या समुदायात जे चेहरे दिसतात ते त्या त्या वर्षी फाळक्यांजवळ कोण कोण होते याची साक्ष देतात. परंतु साक्षीदाराचे नावच ठाऊक नसेल तर साक्षीचा उपयोग कोणता?

गौण नटांचा शोध हा हौशी कुतूहलाचा विषय आहे, असे मानण्याची आपल्याकडे प्रवृत्ती आहे. तिला हे एक उत्तर आहे.

४

आता नट म्हणून ही माणसे काय करीत होती, याकडे वळू. अण्णा साळुंके हे ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात कामाला होते आणि फाळक्यांनी थोडा अधिक पगार देऊन त्यांना तारामतीसाठी आणले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. वर्तमानपत्रांत जाहिराती देऊनही स्त्रीभूमिकेसाठी कोणी बाई मिळाली नाही, हेही वारंवार सांगितले जाते. या कथा रंजक आहेत. पण त्यांमुळे एक गैरसमज दृढ झाला आहे. तो असा की, साळुंके ही एक तडजोड होती, खरी तारामती न मिळाल्यामुळे पत्करलेली उणीव होती.

१९१३ च्या मराठी प्रेक्षकाला पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका ही उणीव वाटण्याचे कारण नव्हते. गंधर्व नाटक मंडळीची स्थापना त्याच वर्षीची. बालगंधर्वांची नायिका हा महाराष्ट्रातील अभिरुचीचा मानदंड ठरत होता. तेव्हा साळुंक्यांची तुलना न सापडलेल्या नटीशी करणे हे पुढच्या काळाची अपेक्षा मागच्या काळावर लादणे होय. तुलना करावयाची तर ती रंगभूमीवरील स्त्रीपार्टाशी करावी, आणि ती करू लागताच एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. तो भेद भाषेचा आहे.

मराठीत वक्त्याचे लिंग क्रियापदात उतरते. पुरुष 'मी जातो' म्हणतो, स्त्री 'मी जाते' म्हणते. 'मी आलो' आणि 'मी आले' यांतही तोच भेद आहे. 'मी जाईन' अशा भविष्यकाळी किंवा 'मी केले' अशा सकर्मक भूतकाळी रूपांत हा भेद लोपतो, पण बोलण्याच्या ओघात तो पदोपदी प्रकट होतो. रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नट लुगडे नेसून जसा स्त्री होत असे, तसाच प्रत्येक वाक्यातील क्रियापदाने पुन्हा पुन्हा स्त्री होत असे. प्रेक्षकाच्या कानाला व्याकरणच ग्वाही देत असे. त्यात गायनाची भर पडली म्हणजे नटाच्या देहाकडे पाहण्याची गरजही उरत नसे.

साळुंक्यांजवळ यातले काही नव्हते. त्यांच्या तारामतीला आवाज नाही, पद नाही, आणि व्याकरणही नाही. दृश्यांच्या मधून मधून मजकुराच्या ज्या पाट्या येतात त्या 'राजा हरिश्चंद्र'च्या उरलेल्या प्रतीत इंग्रजी आणि हिंदी अशा दोन भाषांत आहेत. हिंदी पाटीला 'मैं जाती हूँ' असे म्हणून स्त्रीत्व सुचविता येते; इंग्रजी पाटीला तेही साधत नाही, कारण त्या भाषेत उत्तमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. शिवाय पाटी आणि आकृती एकाच क्षणी पडद्यावर नसतात. वाक्य वाचून झाल्यावर मनुष्य दिसतो. म्हणून स्त्रीत्वाचा सगळा भार पदर, मान, हातांची ठेवण आणि चाल यांवर येऊन पडला. उरलेल्या दृश्यांत साळुंक्यांच्या हालचाली आजच्या डोळ्याला मोजक्या, काहीशा संकोचलेल्या वाटतात. त्यांना अकुशल म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे की, शब्दावाचून स्त्रीभूमिका करण्याचा कोणताही पाठ त्यांच्यापुढे मराठी रंगभूमीवर उपलब्ध नव्हता. रंगभूमीपेक्षा अधिक अवघड काम त्यांना करावे लागत होते, आणि ते ती परंपरा घेऊन आलेले नटही नव्हते.

'लंकादहना'त साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय पडद्यावरील ही पहिली दुहेरी भूमिका म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि सीतेच्या दंडाचे स्नायू दिसत असल्याचा विनोदही त्यासोबत येतो. विनोद बाजूला ठेवून कथेची रचना पाहिली तर या योजनेतील मर्म ध्यानात येते. लंकादहनाच्या कथेचा मोठा भाग हा राम आणि सीता यांच्या वियोगाचा आहे. एक किष्किंधेकडे, दुसरी अशोकवनात. मध्ये निरोप नेणारा हनुमान, जो गणपत शिंदे यांनी केला होता. दोघांना एका चौकटीत आणण्याचा प्रसंग कथाच टाळते, म्हणून एका नटाला दोन्ही भूमिका करता येतात. रंगभूमीवर हे जवळजवळ अशक्य होते, कारण वेष पालटण्यास वेळ लागतो आणि आवाज पालटणे त्याहून कठीण. चित्रपटात दृश्ये तोडून जोडता येतात आणि आवाज नसतोच. म्हणजे ज्या मौनाने तारामतीचे काम अवघड केले, त्याच मौनाने राम-सीता एका देहात शक्य केले. नव्या माध्यमाचा गुण ओळखून नटाचा असा उपयोग करणे यात फाळक्यांची दृष्टी दिसते. पण ती दृष्टी प्रत्यक्षात आणणारा देह साळुंक्यांचा होता. पुढे ते कॅमेऱ्याच्या मागेही गेले आणि १९२० नंतरच्या दशकात त्यांनी छायालेखक म्हणून काम केले. पडद्यासमोरचा आणि पडद्यामागचा असा दोन्हीकडचा अनुभव त्या काळात फार थोड्यांच्या गाठी होता.

५

स्त्रियांच्या बाबतीत विस्मृतीचे स्वरूप वेगळे आहे. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची मुलगी कमला हिने मोहिनीची भूमिका केली. भारतीय चित्रपटातील या पहिल्या स्त्रिया म्हणून त्यांचा निर्देश होतो. मायलेकी दोघीही नाट्यव्यवसायातून आलेल्या होत्या, आणि मुलीचे वय तेव्हा अवघे तेरा-चौदा होते. हे चित्र आज अस्तित्वात नाही. तेव्हा पुरुषाने केलेली तारामती आपण पाहू शकतो, पण स्त्रीने केलेली मोहिनी पाहू शकत नाही. हा भेद अभ्यासकाने नेहमी मनात ठेवावयास हवा. कारण उरलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष काढताना 'आरंभीच्या पडद्यावर स्त्रिया नव्हत्याच' असा समज सहज बळावतो.

कमलाबाईंचे नाव टिकले, याचे श्रेय बव्हंशी त्यांच्या दीर्घायुष्याला आणि कुटुंबाला आहे. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले हे नातू. कमलाबाई आता हयात नाहीत. त्यांच्या हयातीतच रीना मोहन यांनी त्यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट करून त्यांच्या तोंडून त्यांची हकीकत टिपून ठेवली. मात्र इथेही नावाची एक गंमत आहे. सर्व सूचींत 'मोहिनी भस्मासुर'च्या पुढे 'कमलाबाई गोखले' असे छापले जाते. १९१३ मध्ये ती मुलगी गोखले नव्हती. पुढच्या आयुष्यातील नाव मागच्या कामाला चिकटविल्यामुळे त्या काळच्या कागदपत्रांत तिला शोधणारा अभ्यासक चुकीच्या नावाने शोधत राहतो. दुर्गाबाईंच्या मागे तर मुलीच्या नावाचा आधार सोडला तर फारसे काही उरलेले नाही.

'कालियामर्दन'मधील मंदाकिनी फाळके हिचे उदाहरण याच्या उलट आहे. या चित्राच्या आरंभी कथा सुरू होण्यापूर्वी ही लहान मुलगी स्वतःच्या रूपात पडद्यावर येते आणि मुद्राभिनयाचे निरनिराळे प्रकार करून दाखविते. मग तिचेच रूप पालटून श्रीकृष्ण दिसू लागतो. म्हणजे नट आणि पात्र यांचा संबंध चित्र स्वतःच सांगते. कृष्ण होणारी ही मुलगी आहे, आणि ती अभिनय करीत आहे, हे प्रेक्षकाने जाणून घ्यावे अशी यात योजना आहे. त्यानंतर कालियाशी झुंजणारा कृष्ण पाहताना प्रेक्षकाला देवाचे कौतुक आणि मुलीचे कौतुक एकदम वाटते. आरंभीच्या भारतीय चित्रपटात नटाला नट म्हणून दिलेला इतका स्पष्ट परिचय विरळा. हा परिचय निर्मात्याच्या कन्येला लाभला. पगारावर आलेल्या साळुंक्यांना, दाबक्यांना, किंवा हिंदुस्थान कंपनीच्या अनेक चित्रांत वावरलेल्या भाऊराव दातारांना तो लाभल्याचे उरलेल्या चित्रांत दिसत नाही. यात फाळक्यांना दोष देण्याचा हेतू नाही. धंद्याला अजून नीट नावच नव्हते. घरी सांगताना आपण 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' कामाला आहोत असे या मंडळींनी सांगावे, अशी आठवण प्रसिद्ध आहे, आणि २००९ साली परेश मोकाशी यांच्या चित्रपटाने ते शब्द पुन्हा सर्वतोमुखी केले. जिथे काम करणारा स्वतःला कारखान्यातला नोकर म्हणून ओळख देत होता, तिथे नट म्हणून त्याची नोंद कोण ठेवणार?

६

या विस्मृतीला भाषेने कसा हातभार लावला, हे आता थोडक्यात मांडता येईल.

पहिली गोष्ट लिपीची. 'साळुंके' या नावातील 'ळ' प्रचलित हिंदी लेखनात 'ल' होतो. फाळके 'फाल्के' होतात. रोमन लिपीत लिहिताना तर 'द' व 'ड', 'अ' व 'आ' यांचा भेदच बुजतो, म्हणून इंग्रजी सूचीवरून परत देवनागरीत येताना दाबक्यांचे 'दबके' किंवा 'डबके' होतात. त्यात आद्याक्षरांची पद्धत. 'अण्णा' हे वडीलकीचे संबोधन. ते नावाच्या जागी बसले आणि मूळ नाव मागे पडले. चार ठिकाणी चार प्रकारे लिहिलेला एकच मनुष्य चार माणसांसारखा दिसू लागतो, आणि शेवटी त्यांपैकी एकाचाही माग लागत नाही.

दुसरी गोष्ट 'मूकपट' या शब्दाची. १४ मार्च १९३१ रोजी 'आलमआरा' मुंबईत लागला आणि बोलपट आला. तोवर जुन्या चित्रांना मूक म्हणून वेगळे काढण्याची गरज नव्हती. 'मूकपट' हे नाव अशा रीतीने पुढच्या घटनेने मागच्या वस्तूला दिलेले आहे, आणि त्यात उणिवेचा अर्थ गर्भित आहे. प्रत्यक्षात प्रयोगाच्या वेळी चित्रगृहात पाट्या मोठ्याने वाचून दाखविल्या जात, वाद्ये वाजत, प्रेक्षक बोलत. नाशिकच्या प्रेक्षकाने हिंदी पाटी आपल्याच लिपीत वाचावी आणि शेजाऱ्याला मराठीत सांगावी, यात अस्वाभाविक काही नव्हते.

यातूनच तिसरी गोष्ट निघते, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. या चित्रांना 'हिंदी' म्हणावे की 'मराठी'? पाट्यांवरून हिंदी म्हणावे तर काम करणारे, कथा मांडणारे आणि वेषभूषा ठरविणारे सर्व मराठी. माणसांवरून मराठी म्हणावे तर चित्र मद्रासेपर्यंत जाऊन तिथल्या भाषेत समजावून सांगितले जाई. हा प्रश्न मुळात पुढच्या काळाचा आहे. १९३२ साली प्रभातने हरिश्चंद्राचीच कथा घेऊन 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि 'अयोध्या का राजा' हिंदीत काढला, तेव्हा एका चित्राची भाषेमुळे दोन चित्रे झाली. तारामती झालेल्या दुर्गा खोटे यांना देह आणि क्रियापद दोन्ही एकदम लाभले. मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे त्यांचे नाव झाले. त्याच तारामतीला १९१३ मध्ये देह देणारा नट मात्र भाषांच्या वाटणीत कोणाच्याच वाट्याला आला नाही. मराठीचे इतिहासकार त्याला हिंदीच्या आरंभात गणतात, हिंदीचे इतिहासकार मराठी रंगभूमीच्या परिसरात; आणि दोघेही मान फाळक्यांना देऊन पुढे जातात.

७

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते तीन कामे हाती घेण्याजोगी आहेत, आणि ती भाषेच्या व साहित्याच्या विभागांनीच घ्यावीत अशी आहेत.

एक, उरलेल्या प्रत्येक चित्राची दृश्यशः संहिता तयार करणे. कोणत्या दृश्यात किती माणसे आहेत, पाटीवर कोणत्या भाषेत काय आहे, हिंदी आणि इंग्रजी मजकुरात काय अंतर आहे, हे पोथीच्या काटेकोरपणाने नोंदवावे. दोन, या नटांच्या नावांची सर्व रूपे एकत्र आणणारी एक नामसूची करणे. तीत देवनागरी व रोमन लेखनभेद, विवाहापूर्वीची व नंतरची नावे, संबोधने, सर्व यावे. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेले लेख, त्या काळच्या वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीपुढील साक्षी, ज्यांत फाळक्यांचीही आहे, हे या कामाचे मूलस्रोत होत. तीन, नाशिक आणि त्र्यंबक परिसरातील ज्या घरांतून कोणी या कंपनीत कामाला होते, तेथील छायाचित्रे आणि आठवणी वेळेत टिपून ठेवणे. त्या काळी चित्रांत काम केलेल्यांपैकी आता कोणी हयात असण्याचा संभव नाही; नातवंडांच्या आणि पणतवंडांच्या स्मरणातील जे असेल तेवढेच मिळेल, आणि तेही दिवसेंदिवस घटत जाणार.

यांतील पहिले काम विद्यार्थ्याला एका सत्रात आरंभिता येईल. 'कालियामर्दन' त्यासाठी सर्वांत सोयीचे, कारण ते सलग पाहता येण्याइतके उरले आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या रिळांचा कालनिर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्या कामावर अवलंबून राहील. धनुष्य हाती घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलाचे दुसरे एखादे छायाचित्र कुठल्या तरी घरात सापडले, तर ती दृश्ये दादरची की नाशिकची, हे आज आहे त्यापेक्षा पुष्कळ अधिक खात्रीने सांगता येईल.